लांग्लादची खुर्ची

एव्हारिस्त लांग्लाद गेल्याची बातमी आमच्या घरी पाववाल्याच्या बायकोने आणली. आम्ही सूप पीत होतो. माझ्या नवऱ्याने, आन्सेल्मने, चमचा खाली ठेवला, रुमालाने ओठ टिपले आणि विचारलं, "माझा काळा सूट अजून अंगात बसतो का गं?"

मला वाटलं, अंत्ययात्रेसाठी विचारतोय. म्हटलं, चला, माणूस मेल्यावर तरी वैर संपलं. सूट काढला, ब्रश फिरवला, पोटापाशी एक बटण सरकवलं. अंत्ययात्रेला तो आला, पण चर्चमध्ये शेवटच्या रांगेत उभा राहिला आणि कबरीवर माती पडायच्या आत मला कोपर मारून म्हणाला, "निघू या." घरी येऊन सूट परत कपाटात टांगत होते, तर म्हणाला, "आत नको ठेवूस. भेटींना लागेल."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. लांग्लादची खुर्ची रिकामी झाली होती, आणि आन्सेल्मला ती हवी होती.

आमच्या गावच्या अकादमीत तीस खुर्च्या आहेत. राजे गेले, सम्राट गेले, जर्मन येऊन गेले, खुर्च्या तीसच राहिल्या. आतला एक मेल्याशिवाय बाहेरचा एक आत जात नाही. आत गेलेल्याने पहिल्या दिवशी भर सभेत आपल्या आधी त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाची तासभर स्तुती करायची असते. मग जुन्यांपैकी एक जण उठतो आणि या नव्या माणसाची स्तुती करतो. एवढं उरकलं की पुढचं सगळं आयुष्य महिन्यातून एकदा तिथे जाऊन डुलक्या काढायला मोकळे. मी जन्मभर मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे मला या प्रकाराचं कौतुक जरा कमीच आहे.

आन्सेल्म गारिग हे नाव गावाला माहीत आहे ते कादंबऱ्यांमुळे. वर्तमानपत्रात रोज एक तुकडा यायचा. द्राक्षमळेवाल्याची पळून गेलेली मुलगी, पुरात बुडालेला नावाडी, भावाभावांची वाटणीवरून भांडणं. बाजारात बायका मला अडवायच्या, "अहो मादाम गारिग, त्या पोरीचं लग्न होणार का हो शेवटी?" मी म्हणायचे, "मला नका विचारू. माझं झालंय तेवढं पुरे आहे."

पण त्याच्या आधी तो कवी होता. तिशी-चाळिशीत त्याच्या कवितांची तीन पुस्तकं निघाली. गावात त्यांच्याबद्दल बोलणारा माणूस एकच, लांग्लाद. तो आन्सेल्मपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, स्वतः कवी, आणि पॅरिसमध्ये ज्याचं नाव घेतलं जायचं असा आमच्या गावातला एकुलता एक प्राणी. रोज संध्याकाळी दोघं नदीच्या बांधावरून चालायचे. नवी कविता झाली की आन्सेल्म ती आधी त्याला वाचून दाखवायचा. तो घरात शिरला की मला त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं, आज पास की नापास. मला तो कागद कधीच दिसला नाही. मला पुस्तक मिळायचं, छापून आल्यावर, मावशा-आत्यांना मिळायचं त्याच दिवशी.

पहिल्यांदा खुर्ची रिकामी झाली तेव्हा आन्सेल्म पन्नाशीला टेकला होता. लांग्लाद आत आहे म्हणजे काम झालंच, असं सगळे धरून चालले होते. तिथलं मतदान गुप्त असतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी पाव आणायला गेलं की सगळं कळतं. लांग्लाद म्हणे उभा राहिला आणि म्हणाला, "गारिग अजून पिकायचे आहेत. थांबू या." बाकीच्यांनी माना डोलावल्या. कवितेतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, ते खातं त्यांनी लांग्लादकडे सोपवलेलं होतं.

त्या संध्याकाळी आन्सेल्म बांधावर गेला नाही. पुढे कधीच गेला नाही. कविताही पुन्हा लिहिली नाही, कादंबऱ्या लिहायला बसला. नंतर आणखी दोनदा खुर्च्या रिकाम्या झाल्या, दोन्ही वेळा लांग्लादने हात आडवा घातला. "घाई काय आहे? गारिगना अजून वेळ आहे." एकाच रस्त्यावर, जवळजवळ समोरासमोर राहून वीस वर्षं या दोघांनी एकमेकांना टोपी उचलून नमस्कार केला आणि एक शब्द बोलले नाहीत.

राग मला यायचा. आन्सेल्मला यायचा नाही, हेच मला सहन होत नव्हतं. लांग्लादला कविता कळते, लांग्लाद नाही म्हणतो, म्हणजे माझ्यात काही नसणार, असं सरळ गणित त्याने मांडलं होतं आणि त्या गणितापुढे तो गप्प बसला होता.

"आणि आता त्याच माणसाच्या खुर्चीवर जाऊन बसायचं?" मी विचारलं. "तासभर त्याची आरती ओवाळायची?"

"हो."

"मेलेल्या म्हशीला मणभर दूध."

"त्याचं दूध खरं होतं गं एर्मिन," तो म्हणाला. "म्हणून तर त्याचीच खुर्ची हवी. तिथे मला बसवलं तर निदान कळेल, मी त्या लायकीचा होतो की नव्हतो."

तो एकोणसत्तर वर्षांचा होता. गुडघे गेले होते, पोटात अल्सर होता. मी काय बोलणार?

भेटी ईस्टरनंतर सुरू झाल्या. उमेदवाराने प्रत्येक सभासदाच्या घरी स्वतः जायचं, काळा सूट आणि हातमोजे घालून. हवापाण्याबद्दल बोलायचं, गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं, घरची दारू समोर आली की प्यायची. मत मात्र मागायचं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं हा तिथे शिष्टाचार आहे. आन्सेल्मला गाडी चालवता येत नाही, म्हणून ती दोन महिन्यांची वणवण माझ्याही वाट्याला आली. मी खाली गाडीत स्वेटर विणत बसायचे, तो जिने चढायचा. खाली यायचा तेव्हा तोंडाला आलुबुखाराच्या दारूचा वास आणि कपाळावर घाम.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, यंदा पाऊस कमी आहे."

"आणि मत?"

"एर्मिन, ते विचारायचं नसतं."

"मग कळणार कसं?"

"कळत नाही. प्रत्येक जण असं बोलतो की जणू देणारच आहे. तिघांपैकी एक देतो."

कर्नल गोद्रेंनी मला खिडकीतून पाहिलं आणि वरूनच गरजले, "मादाम, तुम्ही काय ड्रायव्हर आहात? या वर!" तिसरा मजला. मी धापा टाकत गेले. कर्नलसाहेबांनी ग्लास भरले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "हं, कविराज. आता आमच्या लांग्लादबद्दल काय बोलणार तुम्ही? नाही, म्हणजे निवडून आलात तर. फार मोठा माणूस हो."

"तुम्हाला त्यांचं काय आवडायचं?" आन्सेल्मने विचारलं.

कर्नलसाहेब अडकले. छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "झोप," ते म्हणाले. "बैठकीत बसल्या बसल्या, पाठ ताठ ठेवून झोपायचा. घोरणं नाही, काही नाही. सैन्यात असता तर पहाऱ्यावर चालला असता."

मला हसू आलं. आन्सेल्मला आलं नाही. तो हळूच म्हणाला, "त्यांची ती धोबिणींची कविता आहे बघा. हिवाळ्यात नदीचा काठ गोठलेला, बायका बर्फ फोडून कपडे धुतायत. त्यात थंडीचा शब्द एकदाही येत नाही, तरी वाचताना बोटं दुखायला लागतात." आणि तो बोलत राहिला. कर्नलसाहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

त्यानंतर मीही प्रत्येक घरी वर जाऊ लागले. नोटरी रुएल यांच्याकडेही तेच. रुएलना लांग्लादची सही फार आवडायची. "काय वळण होतं हो! मृत्युपत्रावर अशी सही पाहून समाधान वाटतं." औषधवाले पिनो म्हणाले, "खोकल्याच्या गोळ्या कायम माझ्याकडच्या घ्यायचे. ज्येष्ठमधाच्या. मीही कविता करतो बरं का, मेजवान्यांसाठी." पिनोंनी एक म्हणून दाखवली, बदकाच्या मांसावर. आन्सेल्मने टाळी वाजवली, गरजवंताला अक्कल नसते.

पहिल्या घरी लांग्लादची स्तुती त्याने दात आवळून केली होती. सहाव्या-सातव्या घरापर्यंत दात सुटले. एकेक कविता घेऊन तो असा बोलायचा की ज्यांना ऐकायचं होतं ते बिचारे बाजूलाच राहायचे आणि मीच ऐकत बसायचे. एक गोष्ट मला त्या दोन महिन्यांत कळून चुकली. त्या एकोणतीस शहाण्यांपैकी एकानेही लांग्लादचं पुस्तक उघडलेलं नव्हतं. त्याला वाचलेला माणूस या गावात एकच होता आणि तो माझ्या गाडीत बसून अल्सरची गोळी चघळत होता.

"आज तर तू त्याला संतांच्या रांगेत नेऊन बसवलंस," मी एकदा म्हटलं.

"खोटं एकही वाक्य बोललो नाही."

"तेच तर. खोटं बोलला असतास तर मला बरं वाटलं असतं."

रुएलनी त्या दिवशी आम्ही निघताना दारात आन्सेल्मला बाजूला घेतलं. "गारिग, लांग्लादच्या बायकोकडे जाऊन आलात ना?"

आन्सेल्म हातमोज्याचं बटण लावायला लागला.

"अहो, सगळ्यात आधी तिथे जायचं असतं! तिच्या परवानगीशिवाय तुम्ही तिच्या नवऱ्याच्या खुर्चीसाठी गावभर फिरताय? लोक बोलायला लागलेत. हे न कळायला तुम्ही काय बाहेरगावचे?"

त्याला कळत होतं. तो दरवाजा चुकवत होता, बस्स. वीस वर्षं ज्या दरवाजासमोर टोपी उचलली तो दरवाजा वाजवायचं त्याच्या जिवावर आलं होतं. दुसऱ्या दिवशी मीच त्याला हाताला धरून रस्ता ओलांडून नेलं.

क्लोतील्द लांग्लादने दार उघडलं आणि म्हणाली, "आलात का एकदाचे? मला वाटलं, रस्ता फार लांबचा पडला." दिवाणखाना बंद होता, खुर्च्यांवर चादरी टाकलेल्या. तिने आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं. काळे कपडे, वर निळा एप्रन, टेबलावर पांढऱ्या शतावरीच्या कोंबांचा ढीग. ती सोलत होती, सोलतच राहिली. मीही एक सुरी उचलली, कारण रिकाम्या हातांनी बसणं अवघड झालं होतं.

आन्सेल्मने पाठ केलेलं वाक्य म्हटलं, उशीर झाल्याबद्दल क्षमा, मोठी हानी, वगैरे. क्लोतील्दने ते ऐकून घेतलं.

"तुम्ही उभे राहणार हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "एव्हारिस्तलाही माहीत होतं. त्याला तेच हवं होतं ना."

"काय हवं होतं?"

"तुम्ही त्याच्या खुर्चीवर यावं हे." तिने एक कोंब सोलून बाजूला ठेवला. "मला वाटलं, तुम्हाला एव्हाना कळलं असेल. दर वेळी मतदानाला जाताना तो इथे, या दारात, टोपी घालायचा आणि म्हणायचा, आजही गारिगला नाही म्हणून येतो. वाईट वाटतं, पण काय करू? त्याला दुसऱ्या कुणाच्या खुर्चीवर जाऊ दिलं तर माझ्यावर बोलायला कोण उरलं? पिनो?"

बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आन्सेल्मचे हातमोजे त्याच्या मांडीवर होते, ते त्याने नीट एकावर एक ठेवले.

"म्हणजे मी..." तो थांबला. "म्हणजे माझ्या कवितांमुळे नाही?"

"कवितांमुळे कसं? कविता तर त्याला पाठ होत्या. शेवटच्या आजारात म्हणायचा. ती नाही का, तुमच्या आईवरची, ती आंधळी झाल्यावर घरातले दरवाजे मोजते ती. मला ऐकून ऐकून पाठ झाली." आणि शतावरी सोलता सोलता तिने त्यातल्या चार ओळी म्हटल्या, सरळ, बाजाराची यादी वाचावी तशा. "तो म्हणायचा, या गावात ज्याला वाचता येतं असा एकच माणूस आहे. तो माझ्यासाठी राखून ठेवायला हवा."

तिला वाटत होतं, ती आम्हाला काहीतरी भेट देते आहे. तिचा चेहरा तसाच होता. माझ्या हातातली सुरी मी खाली ठेवली.

"तुमच्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याची वीस वर्षं खाल्ली, बाई," मी म्हटलं. "त्या दिवसापासून याने कवितेची एक ओळ लिहिली नाही."

"एर्मिन," आन्सेल्म म्हणाला.

"बोलू द्या त्यांना," क्लोतील्द म्हणाली. मग माझ्याकडे बघून, अजिबात आवाज न चढवता, "माझी पंचेचाळीस खाल्ली. मी कुणाच्या दारात जाऊ?"

 मी सुरी परत उचलली आणि आम्ही दोघींनी मिळून तो ढीग संपवला.

घरी आल्यावर आन्सेल्म कोट न काढता खुर्चीत बसला. मी त्याच्यापुढे उभी राहून मनात होतं नव्हतं ते सगळं बोलले. म्हटलं, हा माणूस रोज समोरून जायचा, टोपी उचलायचा आणि मनात म्हणायचा, राहा तसाच, माझ्या तेराव्याला उपयोगी पडशील. म्हटलं, उद्या पत्र पाठव, नाव मागे घेतो म्हणून. बोलू दे त्या पिनोला तासभर खोकल्याच्या गोळ्यांवर. त्याला तीच शिक्षा.

"पाठ होत्या, एर्मिन," तो म्हणाला.

"तू ऐकतोयस का मी काय म्हणते ते?"

"ऐकतोय. चोर होता तो. मला मान्य आहे." त्याचे डोळे भरले होते, आणि मला इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली. ज्याने लुटलं त्याच्याच पसंतीवर हा माणूस खूश होता. मागून त्याचा आवाज आला, "पण मी नाव मागे घेतलं तर त्याच्या कवितांबद्दल खरंच कुणी काही बोलणार नाही गं. त्या कवितांनी माझं काय वाकडं केलंय?"

तो निवडून आला. कशी कुणास ठाऊक, पण भरपूर मतं पडली. मला वाटतं, दुसरं कुणी लांग्लादवर तासभर बोलायला तयारच नव्हतं.

सगळा उन्हाळा तो जेवणाच्या टेबलावर ते भाषण लिहीत बसला. आम्ही दोघं जेवायचो स्वयंपाकघरात, उभ्याने, कारण टेबलावर लांग्लाद पसरलेला असायचा. आन्सेल्म थकत चालला होता. दुपारी कागदावरच डोकं ठेवून झोपायचा, उठला की गालावर शाई. वर्तमानपत्राचा संपादक दोनदा येऊन गेला, नवी कादंबरी कधी देता म्हणून. आन्सेल्म म्हणाला, "आता नाही." नुसतं तेवढंच म्हणाला आणि दार लावलं.

नोव्हेंबरात सभा झाली. नगरभवनाच्या त्या मोठ्या दालनात रॉकेलच्या शेगड्या लावल्या होत्या, त्यांचा धूर डोळ्यांत जात होता. पुढच्या रांगेत क्लोतील्द ताठ बसली होती, तिच्या शेजारी मला बसवलं. आन्सेल्मचा सूट आता सैल झाला होता. तो काठी धरून उभा राहिला आणि बोलू लागला.

माझा नवरा आहे म्हणून सांगत नाही, मला त्याच्या कादंबऱ्या कधीच आवडल्या नाहीत. पण ते भाषण चांगलं होतं. फार चांगलं होतं. लांग्लादची एकेक कविता तो समोर धरून दाखवत गेला, आणि तो नीच माणूस किती नीट बघत होता हे मलासुद्धा दिसलं. वीस वर्षांच्या त्या "नाही"बद्दल एक अक्षर नाही. धोबिणींच्या कवितेपाशी क्लोतील्दने रुमाल काढला. बाकी कर्नलसाहेब झोपले होते, पाठ ताठ ठेवून, आणि आता घोरतही होते. कुणीतरी मागे कुजबुजत होतं की नंतरच्या जेवणात मासा आहे की बदक.

टाळ्या वाजल्या. आन्सेल्म खुर्चीवर बसला, लांग्लादच्या. मग उत्तराचं भाषण करायला, नव्या सभासदाची स्तुती करायला, औषधवाले पिनो उठले.

पिनोंनी कादंबऱ्यांची नावं वाचली, जशी छापून आली तशी ओळीने. एक नाव दुसऱ्याच लेखकाच्या कादंबरीचं होतं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांनी सांगितलं की त्यांच्या सासूबाई वर्तमानपत्रातलं आन्सेल्मचं पान कापून ठेवायच्या. नायिकांच्या सद्गुणांबद्दल बोलले, द्राक्षवेलींबद्दल बोलले. "आणि तरुणपणी आमच्या मित्राने कविताही केल्या," ते शेवटी म्हणाले, "तरुणपणी आपण सगळेच करतो!" सभा मनापासून हसली. कर्नलसाहेब जागे झाले आणि तेही हसले.

मी आन्सेल्मकडे पाहिलं. तोही सगळ्यांबरोबर हसत होता, मान जरा खाली घालून. आणि मला तेव्हा, त्या धुरात, लांग्लादने नेमकं काय केलं होतं ते कळलं. त्याने पन्नाशीत याला आत येऊ दिलं असतं, तर आज पिनो उभे आहेत तिथे उत्तराला लांग्लाद उभा राहिला असता. भर सभेत, गावासमोर, आन्सेल्मच्या कवितांबद्दल तो तासभर बोलला असता. दोघांपैकी एकालाच दुसऱ्याबद्दल बोलता येणार होतं. लांग्लादने ते फार आधी ओळखलं होतं, आणि स्तुती करून घ्यायची पाळी स्वतःकडे घेतली होती. मी क्लोतील्दकडे वळले. ती डोळे पुसत होती, पण तिने मान हलवली, आणि मला वाटतं तिलाही तेव्हाच कळलं.

जेवणाला आम्ही थांबलो नाही. पोटाचं कारण सांगितलं, ते खोटंही नव्हतं. घरी आलो तेव्हा जेमतेम अंधारलं होतं. आन्सेल्म पलंगाच्या कडेवर बसला, बूट काढायला वाकला आणि अर्ध्यावरच थांबला. मी खाली बसून त्याच्या एका बुटाच्या नाड्या सोडल्या. माझेही पाय भरून आले होते. म्हटलं, संपलं एकदाचं, आता सूप गरम करते आणि दोघं झोपू.

"एर्मिन," तो वरून म्हणाला, "तू वाचल्या आहेस का गं?"

"काय?"

"कविता."

चाळीस वर्षं आमच्या लग्नाला झाली होती. मी बुटातून त्याचा पाय काढला. "वाचल्या आहेत," मी म्हटलं.

"सगळ्या?"

"तिन्ही पुस्तकं. पुष्कळदा."

त्याने मोकळा झालेला पाय जमिनीवर टेकवला. मग इतक्या हळू विचारलं की मला मान वर करावी लागली. "कशा आहेत?"

मी खूप दमले होते. सगळ्या चांगल्या आहेत असं म्हणून उठले असते तर कुणी मला बोललं नसतं. आज त्याला तेवढं मिळायला हवं होतं, असंही कुणी म्हणेल. पण त्या दिवशी दुपारभर मी नुसती स्तुती ऐकली होती आणि मला तिचा वीट आला होता.

"पहिल्या पुस्तकात नुसता आवाज आहे," मी म्हटलं. "दुसरं चांगलं आहे. तुझ्या आईची ती दरवाजांची कविता मला एका दमात कधीच वाचता आली नाही, मध्ये पुस्तक मिटावं लागतं. तिसरं तू लांग्लादला आवडावं म्हणून लिहिलंस. ते प्रत्येक पानावर दिसतं. वाचताना मला तुझी कीव आली होती."

बाहेर क्लोतील्दच्या घरचं दार वाजलं, ती परत आली असावी. आन्सेल्म समोरच्या भिंतीकडे बघत होता.

"हे कधीपासून माहीत आहे तुला?"

"पुस्तक हातात आलं त्या आठवड्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस," मी म्हटलं. "तू विचारायला रस्त्यापलीकडे जायचास."

त्याने मान हलवली, एकदा, मग पुन्हा. तिसरं वाईट आहे हे लांग्लादलाही नक्की माहीत असणार, तो म्हणाला, आणि तरी बांधावर चालताना त्यातल्या एकेका कवितेला तो वाहवा म्हणायचा. मी दुसऱ्या बुटाची गाठ सोडत होते. ती ओली होऊन घट्ट बसली होती. आन्सेल्मने माझा हात बाजूला केला, स्वतः वाकून ती सोडवायला लागला आणि खाली बघतच म्हणाला, "तिसऱ्यातली सगळ्यात वाईट कुठली, ते सांग."